टीईएफएल, बी.एड. आणि आपला निळा पासपोर्ट : सोलापूरहून इंग्रजी शिकवायला परदेशी जायचं तर

महिन्याला दोन-तीन तरी फोन येतातच, सर तुम्ही थायलंडला होता ना, मला पण जायचंय, काय काय करावं लागतं. परवा पार्क चौकात चहाच्या गाड्यावर एकानं असंच धरलं. एम.ए. इंग्लिश झालेला पोरगा, माझाच जुना विद्यार्थी, एका क्लासवर स्पोकन इंग्लिश शिकवतो आणि महिन्याकाठी किती मिळतात ते सांगताना त्याचा आवाज खाली जातो. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, एक गोरा बाबा समुद्राकाठी शहाळं घेऊन बसलाय आणि सांगतोय १२० तासांचा ऑनलाइन कोर्स करा अन् जगात कुठंही जाऊन इंग्रजी शिकवा. मी एवढंच विचारलं, "सगळं खरंय, पण त्याचा पासपोर्ट कुठला हाय बघितलास का बे?"

गप्प झाला. म्हणून म्हटलं आता एकदाच सगळं लिहून काढू. मी स्वतः दोन वर्षं कोराटजवळच्या एका शाळेत शिकवलंय (ईशान्य थायलंड, ऊन अगदी आपल्या एप्रिलसारखं, फक्त वर घाम जास्त), त्याआधी सोलापूरच्या पूर्व भागात क्लास घ्यायचो. जे केलं, जे चुकलं आणि नंतर बाकीच्या पोरांना जाताना जे बघितलं ते सांगतो.

पहिल्यांदा पासपोर्टचा विषय संपवू, कारण नेटवर टीईएफएलबद्दल, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याबद्दल, जे सापडतं ते बहुतेक सात देशांच्या लोकांसाठी लिहिलेलं असतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. यांना 'नेटिव्ह' म्हणतात, आणि तुमचं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं असलं तरी व्हिसाच्या खिडकीवरचा माणूस इंग्रजी ऐकत नाही, पासपोर्टचा रंग बघतो. दक्षिण कोरियाचा ई-टू नावाचा व्हिसा याच सात देशांसाठी आहे. आपल्यासाठी तिथं एक छोटी फट आहे, भारत-कोरिया व्यापार करार, सेपा म्हणतात त्याला, १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, त्यात भारतीयांना शाळेत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून घ्यायची सोय ठेवलीय, पण इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाचं लायसन्स, म्हणजे आपल्याकडचं बी.एड., असल्याशिवाय नाही, आणि जागा लई कमी. खासगी क्लासवाले, ज्यांना तिथं हाग्वान म्हणतात, ते आपल्याला घेऊ शकत नाहीत. कोणी म्हणालं घेतो, तर फोन ठेवा.

जपानचं आणखी गंमतीशीर. तिथं शाळेत इंग्रजी शिकवायच्या व्हिसाला नेटिव्ह नसलेल्या माणसानं किमान १२ वर्षं इंग्रजी माध्यमातून शिकलेलं असावं लागतं. म्हणजे माझ्यासारखा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतनं आलेला माणूस तिथंच गळाला, पुढं एम.ए.ला पहिला नंबर असला तरी. पण ज्यांच्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून पहिलीपासून इंग्लिश मीडियममध्ये घातलं त्यांनी मात्र जपानचा विचार जरूर करावा, शाळेकडनं माध्यमाचा दाखला काढून ठेवावा.

आणि चीन. सोलापूरचा माणूस चीनला गेला म्हटलं की आपल्याला डॉ. कोटणीसच आठवतात, ते १९३८ला गेले होते. आता इंग्रजी शिकवायला जायचं तर नेटिव्ह देशाचं नागरिकत्व, पदवी आणि २ वर्षांचा अनुभव अशी साधारण अट असते, आणि २०२१च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारनं शाळेबाहेरच्या शिकवण्यांवर असा काही बडगा उगारला की क्लासेसचा बाजारच बसला. तरी एजंट लोक बिझनेस व्हिसा नाहीतर स्टुडंट व्हिसा काढून देतो म्हणतात. त्या व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे, पकडलं तर एजंट नाही, तुम्ही आत जाता.

एवढं वाचून हिरमुसू नका, कारण दारं आहेत. सोलापूरच्या माणसाला खरी उघडी दारं मला विचाराल तर तीन : थायलंड, व्हिएतनाम आणि आखातातल्या भारतीय शाळा. मालदीवला पण आपल्याकडचे शिक्षक वर्षानुवर्षं जातायत, पण तिथं एखाद्या बेटावर पोस्टिंग मिळालं की संध्याकाळी सातनंतर करायचं काय हा प्रश्न पडतो, एकटं राहायची सवय असेल तरच.

आखाताचं पटकन सांगतो कारण ते खरं तर टीईएफएल नाही. दुबई, मस्कत, कुवेत इथं सीबीएसईच्या भरपूर शाळा आहेत, तिथं आपल्याच लोकांची पोरं असतात आणि इंग्रजी हा विषय म्हणून शिकवायचा. बी.एड. आणि दोनेक वर्षांचा शाळेतला अनुभव हवा, क्लासवरचा अनुभव तिथं फारसा धरत नाहीत. शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात म्हणून इंटरव्ह्यू हिवाळ्यातच होतात. टीईएफएलचं सर्टिफिकेट तिथं दाखवलं तर "बरं" म्हणतात आणि बाजूला ठेवतात.

व्हिएतनामला पदवी, शिकवण्याचं सर्टिफिकेट, पोलिसांचा दाखला आणि मेडिकल लागतं, त्यावर वर्क परमिट मिळतं, जास्तीत जास्त २ वर्षांचं. पदवी इंग्रजीची नसेल तर इंग्रजीच्या लेव्हलचा पुरावा मागतात, आयईएलटीएस वगैरे. हनोई आणि हो ची मिन्हमध्ये स्पर्धा जास्त, गोरे लोक ढिगानं, जिल्ह्याच्या गावात आपल्याला पटकन घेतात. तिथली कामं बरीचशी संध्याकाळची आणि शनिवार-रविवारची असतात, कारण पोरं शाळा सुटल्यावर सेंटरला येतात, म्हणजे आपल्या क्लासेससारखंच.

थायलंडचं जरा सविस्तर, कारण ते मी जगलोय. पदवी पाहिजेच, विषय कुठलाही चालतो पण बी.एड. असेल तर मान वेगळा. नेटिव्ह नसल्यामुळं टोइक नावाच्या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० मार्क दाखवायला लागतात, २०० प्रश्न असतात, अर्धे ऐकून आणि अर्धे वाचून उत्तर द्यायचे, इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला अवघड नाही पण घड्याळ लावून सराव केल्याशिवाय जाऊ नका. मग शाळा कागद देते, त्यावर नॉन-इमिग्रंट बी नावाचा व्हिसा, आता तो ऑनलाइन ई-व्हिसाच असतो, तिथं गेल्यावर वर्क परमिट, आणि खुरुसफा म्हणजे तिथली शिक्षक परिषद तिच्याकडनं २ वर्षांची तात्पुरती परवानगी. हे खुरु म्हणजे आपलं गुरूच बरं का, पोरं शिक्षकाला ख्रू म्हणतात, कॉलेजच्या प्राध्यापकाला आजान, ते आचार्यवरनं आलंय. पहिल्या आठवड्यात हे कळल्यावर मला उगाच घरच्यासारखं वाटलं होतं.

वेळेचं गणित सोप्पं आहे. तिथली शाळा मेच्या मध्यावर सुरू होते, दुसरी टर्म नोव्हेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे आपला गड्डा, जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, उठला की कामाला लागायचं, जानेवारीत कागद, मार्चमध्ये अर्ज आणि इंटरव्ह्यू, एप्रिलमध्ये व्हिसा. ज्यांनी मार्चमध्ये कागद काढायला सुरुवात केली ते सगळे नोव्हेंबरवर ढकलले गेले, हे मी स्वतः बघितलंय.

आता कागदपत्रं. इथंच आपली लोकं अडकतात, इंटरव्ह्यूत नाही.

आधी घरातलं कपाट उघडा आणि खरं पदवी प्रमाणपत्र आहे का बघा. मार्कशीट नाही, पासिंग सर्टिफिकेट नाही, पदवीदान समारंभाचं ते मोठं प्रमाणपत्र. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी ते कधी घेतलेलंच नसतं, "इथं नोकरीला कोण विचारतंय" म्हणून. सोलापूर विद्यापीठ २००४ला झालं, आताचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ, तर त्यानंतरच्यांनी केगावला चकरा मारायच्या, पण ज्यांची पदवी त्याआधीची त्यांचा कागद शिवाजी विद्यापीठाचा, त्यांना कोल्हापूर गाठावं लागतं. जाताय तर ट्रान्सक्रिप्ट पण त्याच फेरीत मागा, म्हणजे सगळ्या वर्षांचे विषय आणि मार्क एका कागदावर, विद्यापीठाच्या शिक्क्यानं. ते बहुतेक सगळीकडं विचारतात आणि आपल्याला मार्कशीटचा गठ्ठा द्यायची सवय.

दुसरी भानगड नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडलांचं नाव, कधी आईचं पण. पासपोर्टवर गिव्हन नेम आणि सरनेम. परदेशातल्या ऑफिसातली बाई हे दोन कागद शेजारी ठेवते आणि तिला वाटतं ही दोन वेगवेगळी माणसं. त्यात स्पेलिंग. माझ्या एका मित्राचं नाव ज्ञानेश्वर, मार्कशीटवर डी-एन-वाय नं सुरू आणि आधार कार्डावर जी-वाय नं, आता 'ज्ञ' हे अक्षर कसं असतं हे परदेशातल्या माणसाला फोनवर समजावून सांगा बरं. त्याचे दोन महिने यात गेले, शेवटी प्रतिज्ञापत्र करून दोन्ही नावाचा माणूस एकच म्हणून लिहून द्यावं लागलं. पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांचं तर विचारूच नका, एकाच घरात बापाचं स्पेलिंग वेगळं आणि लेकाचं वेगळं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं, गॅझेट, मॅरेज सर्टिफिकेट सगळं जुळवून. आणि पासपोर्ट अजून काढायचाच असेल तर सोन्याहून पिवळं, पदवीवर जे स्पेलिंग आहे तेच अक्षर न अक्षर पासपोर्टला लावा.

पासपोर्टसाठी आता पुण्याला जायला लागत नाही, सोलापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, कारभार पुणे पासपोर्ट ऑफिसच्या अंडर. पोलिसांचा दाखला, पीसीसी, तो पण पासपोर्टच्या वेबसाईटवरूनच अर्ज करून निघतो, फी ५०० रुपये. तो फार आधी काढू नका, बरेच देश सहा महिन्यांच्या आतलाच मागतात. मी हौसेनं ऑक्टोबरमध्ये काढला आणि पुढच्या मेमध्ये परत काढला.

मग साक्षांकन, म्हणजे कागद खरा आहे असा सरकारी शिक्का. आधी राज्याच्या पातळीवरचं, ते मुंबईला, रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडली की सकाळी तुम्ही तिथं. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं. इथं दोन प्रकार आहेत ते समजून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे, तर समोरचा देश पण त्यात असेल, जसं जपान, कोरिया, ओमान, तर अपोस्टिलचा स्टिकर लागला की काम संपलं. नसेल, जसं यूएई, कुवेत, तर मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का वेगळा. सरकारी अपोस्टिल फी कागदाला ५० रुपये आहे हो, फक्त ५०. मंत्रालयाच्या अधिकृत एजन्सीतनं कागद जातात, त्यांचा थोडा चार्ज वर. वकिलातीचा शिक्का मात्र खरंच महाग पडतो. पण साध्या अपोस्टिलचे कोणी कागदामागं दहा-बारा हजार सांगत असेल तर तो कशाचे घेतोय ते विचारायला लाजू नका.

आता कोर्स कुठला करायचा. मला विचाराल तर ज्याचं वय पंचविशीच्या आत आहे आणि ज्याला हा धंदा आयुष्यभर करायचाय त्यानं आधी बी.एड. करावं. २ वर्षं जातात, सीईटी द्यावी लागते, घरचे म्हणतात आता परत कशाला, पण कोरियाची फट, आखाताची शाळा, थायलंडमधला मान, हे सगळं त्या एका कागदावर उघडतं, आणि परत आल्यावर इथं पण चालतं. टीईएफएल हा त्याच्यावरचा मसाला. ज्यांना बी.एड. शक्य नाही त्यांच्यासाठी सगळ्यात वजनदार म्हणजे केंब्रिजचं सेल्टा नाहीतर ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्टटेसॉल. दोन्हीत खऱ्या विद्यार्थ्यांना ६ तास शिकवून दाखवायचं असतं आणि मागं बसून कोणीतरी तुमची प्रत्येक चूक लिहीत असतं. लाखाच्या घरात खर्च जातो, सेल्टा आता ऑनलाइन पण करता येतं. त्याच्या खाली १२० तासांचे ऑनलाइन कोर्सेस, ऑफर चालू असली की दोन-तीन हजारात पण मिळतात. थायलंड-व्हिएतनामच्या गावाकडच्या शाळेला एवढ्यानं चालून जातं, हे खरं. पण त्यात कोणी तुम्हाला शिकवताना बघत नाही, त्यामुळं शिकवायला येतंच असं नाही, आणि ते डेमोला उघडं पडतं.

डेमो म्हणजे पंधरा मिनिटांचा नमुना तास, बहुतेक वेळा व्हिडिओ कॉलवर. माझा पहिला डेमो सांगतो. विषय दिला होता ऑन, अंडर, बिहाइंड, समोर दहा वर्षांची पोरं आहेत असं समजून. मी काय केलं, आपल्या पद्धतीनं फळ्यावर लिहिलं प्रिपोझिशन, व्याख्या सांगितली, प्रकार सांगितले, पाच वाक्यं लिहून दिली आणि शेवटी विचारलं, डू यू अंडरस्टँड? पलीकडची फिलिपिनो मॅडम गोड हसली आणि म्हणाली, पंधरातली अकरा मिनिटं तुम्हीच बोललात. नोकरी गेली.

दुसऱ्या डेमोला मी टेबलावर एक सोलापुरी टॉवेल आणि स्टीलचा पेला ठेवला. काही न बोलता पेला टॉवेलवर ठेवला, म्हटलं ऑन. मग टॉवेलखाली, अंडर. तीनदा असं करून पेला लपवला आणि विचारलं, व्हेअर इज द ग्लास? मॅडम स्वतःच म्हणाली, अंडर द टॉवेल. मग मुद्दाम चुकीचं विचारलं, इज इट ऑन द टॉवेल? ती म्हणाली नो. बास, हेच त्यांना पाहिजे असतं. समजलं का विचारलं की पोरं जगात कुठंही हो म्हणतात, सोलापुरात पण आणि कोराटमध्ये पण. समजलं की नाही हे त्यांच्या तोंडून वाक्य काढून बघायचं. शिक्षकानं कमी बोलायचं आणि पोरांनी जास्त, एवढं एक जमलं तर डेमो निघाला समजा.

आणि इथं सोलापूरवाल्यांना एक फायदा आहे जो आपण कधी सांगतच नाही. माझ्या पूर्व भागातल्या क्लासमध्ये एका बाकावर तीन पोरं, एक घरी तेलुगू बोलणारं, एक कन्नड, एक मराठी. भाषांतर करून शिकवायचं म्हटलं तर कुठल्या भाषेत करणार? त्यामुळं नकळत चित्र काढून, हातवारे करून, वस्तू दाखवून शिकवायची सवय लागली. इंटरव्ह्यूला हे सांगा. एकाच वर्गात तीन मातृभाषा सांभाळल्यात म्हटल्यावर समोरचा माणूस मान वर करून बघतो. ज्यांनी अजून शिकवलेलंच नाही त्यांनी जायच्या आधी सहा महिने तरी गल्लीतली दहा पोरं जमवून शिकवा, अट एकच, मराठीचा एक शब्द वापरायचा नाही. पहिले चार दिवस वेड लागायची पाळी येते.

बोलण्याचं पण जरा बघा. अमेरिकन ॲक्सेंट काढायला जाऊ नका, लई वाईट वाटतं ऐकायला. फक्त स्वच्छ आणि सावकाश बोला. आपले घरचे वाक्प्रयोग मात्र गाळा, टुडे मॉर्निंग, कझिन ब्रदर, आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स, व्हॉट इज युअर गुड नेम. इथं ते चालतात, तिथं मुलाखत घेणारा कागदावर टिपून ठेवतो. मराठीत 'व' एकच आहे, इंग्रजीत दोन, एकाला वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि दुसऱ्याला ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल होतात, आरशासमोर दहा मिनिटं रोज करा. स्कूलच्या आधी इ लागत असेल तर तो पण काढा.

नोकरी शोधायची कुठं. थायलंडसाठी अजार्न डॉट कॉम, सगळीकडच्यांसाठी डेव्हज ईएसएल कॅफे, आणि फेसबुकवरचे त्या-त्या देशातल्या शिक्षकांचे ग्रुप. जाहिरातीत 'नेटिव्ह ओन्ली' लिहिलेलं वाचून वाईट वाटून घेऊ नका, पुढची बघा, 'नॉन-नेटिव्ह वेलकम' असं लिहिणारे पण असतात. मी ४० अर्ज पाठवले, ६ उत्तरं आली, २ डेमो झाले, एक नोकरी लागली. अर्जात फोटो लागतो, कोट-टायमधला, लग्नातला कापून लावलेला नको (मी तेच केलं होतं).

एजंट. माझे पुण्यातल्या एका एजंटनं ४० हजार घेतले होते, प्लेसमेंट गॅरंटी म्हणून, पावती दिली नाही, चार महिन्यांनी ऑफिसला कुलूप. त्यानंतर शहाणा झालो. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला सरकारकडं नोंदणी करावी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आणि नंबर तपासता येतो. त्याला तुमच्याकडनं जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. पैसे बँकेतनं द्या, पावती घ्या. खरं तर थायलंड-व्हिएतनामच्या शाळेच्या नोकरीसाठी इथला एजंट लागतच नाही, तिथली एजन्सी शाळेकडनं पैसे घेते.

"टुरिस्ट म्हणून या, इथं आल्यावर व्हिसा बदलून देऊ" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. काही शाळा खरंच तसं करतात पण धोका सगळा तुमचा. वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलात तर थायलंडमध्ये ५ हजार ते ५० हजार बाट दंड आणि परत पाठवणी, व्हिसा संपून राहिलात तर दिवसाला ५०० बाट. आणि याच्यापेक्षा भयानक म्हणजे नोकरी शिकवण्याची सांगतात नाहीतर डेटा एंट्रीची, तिकीट बँकॉकचं देतात आणि विमानतळावरनं गाडीत घालून मे सोतकडं नेतात. मे सोत म्हणजे म्यानमारची सीमा, नदीपलीकडं सायबर फसवणुकीचे अड्डे, पासपोर्ट काढून घेऊन कोंडून कामाला लावतात. मार्च २०२५मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेले ५०० हून जास्त भारतीय परत आणले. म्हणून शाळेचं नाव, पत्ता, नकाशावर शाळा दिसते का, तिथल्या एखाद्या शिक्षकाशी व्हिडिओवर बोलणं, हे झाल्याशिवाय तिकीट काढू नका. तिकीट फुकट देतायत म्हटलं तर जास्तच चौकशी करा.

ऑफर आली की करार वाचा, आणि पगाराच्या आकड्याआधी महिने बघा. थायलंडमध्ये १० महिन्यांचे, ११ महिन्यांचे आणि १२ महिन्यांचे करार असतात. १० महिन्यांचा असेल तर मार्च-एप्रिल पगार शून्य आणि घरभाडं चालू. मी होतो तेव्हा माझ्या शाळेत गोऱ्या शिक्षकाला ३५ हजार बाट आणि मला आणि फिलिपिनो सहकाऱ्यांना २२ हजार, काम तेच, तास तेच. राग येतो, येणारच. पहिल्या वर्षी गिळला, दुसऱ्या वर्षी बी.एड.चा कागद पुढं करून ३ हजार वाढवून घेतले. तास किती ते पण बघा, आठवड्याला २०-२२ ठीक, त्याच्यावर असतील तर गेट ड्युटी, शनिवारचे कॅम्प हे वेगळे आहेत की त्यातच धरलेत ते विचारा. पासपोर्ट शाळेकडं ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. तिथं दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, ती तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा कारण शाळेचा क्लार्क विसरतो.

ज्यांना घरची अडचण आहे, आईवडील आजारी, लग्न ठरतंय वगैरे, त्यांनी आधी ऑनलाइन शिकवून बघा. प्रेप्ली, आयटॉकी यांच्यावर भारतीय पासपोर्ट चालतो. प्रेप्ली नव्या विद्यार्थ्याच्या ट्रायल तासाचे सगळे पैसे स्वतः ठेवते आणि पुढच्या तासांतनं सुरुवातीला ३३ टक्के कापते, तास वाढले की ते १८ टक्क्यांपर्यंत उतरतं, आयटॉकीचं १५ टक्के. सुरुवातीला रेट कमी ठेवावा लागतो आणि वेळा विचित्र असतात, पण तो अनुभव सीव्हीत लिहिता येतो. लाईट गेली तर काय याची सोय करून ठेवा, माझ्या भाचीचा पहिला विद्यार्थी पोलंडचा होता आणि ऐन तासात दोनदा लाईट गेली, तरी त्यानं पाच स्टार दिले, म्हणाला मेणबत्तीचा तास आवडला.

जाताना पदवीची मूळ प्रत चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत, प्लास्टिक फोल्डरमध्ये. पासपोर्ट साईझ फोटो वीसेक न्या, पांढऱ्या बॅकग्राउंडचे. काळी पँट, पूर्ण बाह्यांचे शर्ट, चकाचक बूट, कारण तिथं सकाळी आठला झेंडावंदनाला सगळ्या शाळेसमोर उभं राहायचं असतं आणि हेडमास्तर पहिल्यांदा बुटांकडंच बघतात. शाकाहारी असाल तर 'मांगसाविराट' हा एक शब्द पाठ करून जा. आणि कडक भाकरी टिकते म्हणून भरपूर नेली तरी शेंगा चटणी कमीच पडते, माझी अर्धा किलोची पिशवी स्टाफरूममध्ये उघडली आणि तिसऱ्या दिवशी संपली, भातावर घालून खाल्ली त्यांनी.